‘सिलिन’ने संपणारं नाव

कारखान्याच्या बसची पायरी चढताना माझा पाय उचलेना, तेव्हा मला वाटलं, साडीची निरी चपलेत अडकली असेल. वाकून पाहिलं तर काहीच अडकलं नव्हतं. मागून येणाऱ्या बाईंनी कोपराला धरून मला वर चढवलं आणि आम्ही दोघी हसलो. त्याच आठवड्यात सिडकोतल्या आमच्या घराचा जिना मला चढवेना, मग हातातला कप धरवेना, आणि एका सकाळी चहाचा घोट घशाखाली उतरायच्या ऐवजी नाकातून बाहेर आला. नवऱ्याने रिक्षा बोलावली आणि मला सरळ दवाखान्यात नेलं.

नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. मी सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते. आमची खोली वातानुकूलित, दाराबाहेर चपला काढायच्या, आणि आत मोजकी माणसं. स्टोअरमधला माल, यंत्रांची दुरुस्ती, कुठल्या यंत्राचं तेल कधी बदललं याचे प्रोग्रॅम मी लिहायचे. सुपरवायझर आधी हसायचे, की हिला यंत्र कशाशी खातात माहीत नाही आणि ही आम्हाला तेल बदलायची आठवण करणार. नंतर तेच रोज सकाळी छापलेला कागद मागायला यायचे.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाही. त्यांनी आजाराचं एक लांबलचक परदेशी नाव सांगितलं. आता वर्तमानपत्रात येतं म्हणून सगळे त्याला जीबीएस म्हणतात. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं, पायांपासून वर वर शक्ती जाते, आणि कधी कधी श्वासाचे स्नायूही बंद पडतात. बहुतेक माणसं बरी होतात, पण तोवर श्वास यंत्राला घ्यावा लागतो. नवऱ्याने विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही.

संध्याकाळपर्यंत मी आयसीयूत होते आणि व्हेंटिलेटर माझ्यासाठी श्वास घेत होतं. पुढे घशाला भोक पाडून त्यात नळी बसवली. बोलणं गेलं. हात, पाय, मान सगळं गेलं. पापण्या तेवढ्या राहिल्या, आणि कान. लोकांना वाटतं, अशा अवस्थेत माणूस झोपलेला असतो. मी टक्क जागी होते. माझं डोकं तसंच चालत होतं जसं कारखान्यात चालायचं, फक्त त्याला दुसरं कामच नव्हतं.

म्हणून मी ऐकायचे. शिफ्ट बदलताना जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक पेशंटची माहिती देते, त्याला तिथे ‘ओव्हर देणं’ म्हणतात. माझ्या पायथ्याशी उभं राहून त्या भराभर बोलायच्या. रक्तदाब इतका, लघवी इतकी, सलाईन संपत आलंय, डॉक्टरांनी अमुक सांगितलंय. त्यांच्यासमोर टेबलाएवढा एक कागद असायचा, त्यावर तासातासाचे आकडे. सकाळी नवा कागद यायचा आणि कालचा फाइलमध्ये जायचा. फाइल कधी एक्स-रे विभागात, कधी बिलाच्या खिडकीवर, कधी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये. मला लवकरच कळलं की कालच्या कागदावरचं जे आजच्या कागदावर उतरलं नाही, ते उद्याच्या ओव्हरमध्ये येत नाही. कुणी आळशी नव्हतं. त्या मुली अक्षरशः धावत असायच्या. पण बारीक गोष्टी रोज थोड्या थोड्या गळत होत्या. कुठल्या हाताची शीर सुजली आहे, कुठल्या कुशीवर मला दम लागतो, हे मला दर शिफ्टला नव्याने भोगावं लागायचं.

माझ्या सासूबाई येवल्याच्या, पैठणी विणणाऱ्या घरातल्या. मागाशी बसून एकेक धागा मोजत नक्षी काढायची त्यांना लहानपणापासून सवय. भेटायच्या वेळेत त्या यायच्या आणि माझ्याकडे नुसतं पाहत बसणं त्यांना सहन होईना. एक दिवस त्यांनी माझ्या मुलीच्या शाळेच्या पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून आणली, एका ओळीत क ख ग घ, दुसऱ्या ओळीत च छ ज झ, अशी. त्या आधी ओळीवर बोट ठेवायच्या. मी पापणी मिटली की ती ओळ धरायची, मग एकेक अक्षर. काना-मात्रा सोडून दिल्या होत्या, त्याने फार वेळ जायचा. पहिल्या दिवशी मी ‘पठ’ असं जुळवलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “पाठ दुखते का गं?” पाठीखाली चादरीची वळकटी झाली होती. सिस्टरांना बोलावून त्यांनी ती सरळ करून घेतली, आणि मग पुठ्ठा पदराखाली घेऊन बाहेर जाऊन रडल्या. हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं.

आयसीयूत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला एका अँटिबायोटिकने अंगभर पुरळ उठला होता. तेव्हा तिथले मुख्य डॉक्टर माझ्या उशाशी उभे राहून सिस्टरना स्पष्ट म्हणाले होते, “पेनिसिलिनच्या जातीचं काहीही हिला द्यायचं नाही. ज्याच्या नावाच्या शेवटी ‘सिलिन’ येतं, ते सगळं बंद.” सिस्टरने ते लाल शाईने त्या दिवशीच्या कागदावर आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं. मीही मनात लिहून घेतलं.

बरेच दिवस गेले. मला न्यूमोनिया झाला. दुपारची वेळ होती, नातेवाईक जेवायला गेलेले. मुख्य डॉक्टर बाहेरगावी होते आणि त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून पाहिला आणि सिस्टरला नव्या इंजेक्शनचं नाव सांगितलं. पिपरॅसिलिन. ‘सिलिन’ मी अगदी नीट ऐकलं.

फाइल एक्स-रे विभागातून परत आली नव्हती. समोर त्या दिवशीचा कागद होता आणि त्यावर लाल शाई नव्हती. सिस्टर नवी होती, चांगली होती, माझ्या तोंडावरची लाळ न सांगता पुसायची. ती इंजेक्शन भरून घेऊन आली तेव्हा मी पापण्या फडफडवायला लागले. जेवढ्या जोरात मिटता येतील तेवढ्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. तिने वाकून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “ताई, डोळे कोरडे पडलेत ना? थांबा हं.” आणि तिने मायेने माझ्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. मग इंजेक्शन दिलं.

आधी खाज आली. अंगभर खाज आणि बोट हलत नाही, हे काय असतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मग छातीत काहीतरी आवळलं, व्हेंटिलेटर किंचाळायला लागलं आणि मॉनिटरवरचे आकडे घसरले. त्यानंतरचं मला तुटक आठवतं. धावणारे पाय, पलंगाची पायथ्याची बाजू वर झालेली, कुणीतरी मोठ्याने औषधाचं नाव घेतंय. त्यांनी मला वाचवलं. सगळं वेळेवर आणि नीट केलं, हेही सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पुठ्ठा घेऊन बसल्या. मी जुळवलं : स, ल, न.

“सलून?” त्या म्हणाल्या. “केस कापायचेत का?”

मी पापणी तशीच उघडी ठेवली. म्हणजे नाही. पुन्हा स, ल, न. त्यांनी सालं, सोलणं, सलणं सगळं विचारून पाहिलं. त्यांना वाटलं काहीतरी सलतंय, म्हणून त्यांनी माझ्या अंगाखालून हात फिरवला. शेजारच्या पेशंटकडे आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर उभ्या होत्या. देवळ्याच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्या हातातलं काम ठेवून आल्या आणि पुठ्ठ्याकडे पाहत राहिल्या.

“सिलिन,” त्या म्हणाल्या.

मी पापणी मिटली.

“काल इंजेक्शन द्यायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं?”

मी पुन्हा मिटली. माझा हात त्यांनी हातात घेतला, आणि मला तो जाणवत होता पण दाबता येत नव्हता. मुख्य डॉक्टर परत आले तेव्हा त्यांना घेऊन त्या माझ्या पलंगाशी आल्या. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, माझ्या डोळ्यांच्या उंचीला बसले आणि माझी माफी मागितली. म्हणाले, “ही चूक आमच्या कामाच्या पद्धतीत आहे. ती कशी बदलायची हे मला अजून नीट माहीत नाही, पण बदलायची आहे.”

मला राग आला होता, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला एक गोष्ट सलत होती. सातपूरच्या शेडमधल्या एका लेथचं मागच्या वर्षी काय बिघडलं होतं, हे माझा प्रोग्रॅम विसरत नव्हता. माझ्या शरीराला काय चालत नाही, हे मात्र एका फाइलबरोबर एक्स-रे विभागात गेलं होतं. तिथे पडल्या पडल्या मी डोक्यात कॉम्प्युटरचा पडदा मांडायला सुरुवात केली. वर पेशंटचं नाव, त्याखाली लाल पट्टी. ती पट्टी कागदाबरोबर बदलायची नाही, शिफ्टबरोबर बदलायची नाही. वेळ भरपूर होता. मी रोज ते थोडं थोडं पुढे नेत गेले.

बरं होणं फार हळू होतं. आधी खांदे आले, मग व्हेंटिलेटर सुटलं, नळी निघाली, आणि माझा आवाज घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा असा परत आला. घरी आल्यावर मुलगी लांब उभी राहून मला बघत होती. पायांना पट्ट्या बांधून मी भिंतीला धरून चालायला शिकले. उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत नीट आली नाहीत. कारखान्याने माझी जागा राखून ठेवली होती. मी परत गेले, आणि पहिल्या दिवशी उरलेल्या बोटांनी माझं स्वतःचं नाव टाइप करायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पूर्वी अर्धा प्रोग्रॅम झाला असता. सोबतच्या मुलांनी मला टाइप करून देऊ का, विचारलं. मी नको म्हटलं.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मी पेढे घेऊन आयसीयूत गेले. इन्चार्ज सिस्टरनी मला उभी पाहिली आणि त्या दारातच थांबल्या. पेढे वाटून झाल्यावर मी त्यांना आणि मुख्य डॉक्टरांना सांगितलं की मला इथे कॉम्प्युटर बसवायचा आहे. डॉक्टर लगेच हो म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, “आमचं काम वाढणार नसेल, तर.” त्या वेळी मला त्या वाक्याचं वजन कळलं नाही.

दोन हजार साल जवळ येत होतं. सगळ्या कारखान्यांत जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा बिघडणार म्हणून धावपळ चालू होती, आणि नवी मशीन येत होती. आमच्या साहेबांना विचारून मी बाजूला काढलेला एक कॉम्प्युटर आणि एक कर्कश प्रिंटर आयसीयूसाठी मागून घेतला. नवऱ्याने ते दोन्ही स्कूटरवरून दोन खेपांत पोहोचवले. मी घरी संध्याकाळी बसून प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात सगळं घातलं. तासातासाचा रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन, प्रत्येक औषध, प्रत्येक तपासणी. मला त्याचा अभिमान होता.

काही आठवड्यांनी मी साठलेली माहिती छापून पाहिली. एका शिफ्टमधले सगळे आकडे शिफ्टच्या अगदी शेवटी एकदम भरलेले होते. इन्चार्ज सिस्टरना विचारलं तर त्यांनी मला टेबलाशी बसवलं. म्हणाल्या, “ताई, कागद अजून आहेच, कारण डॉक्टरांना पलंगाशी कागद लागतो. म्हणजे मुली आधी कागदावर लिहितात आणि मग घरी जायच्या वेळी तेच तुमच्या मशीनमध्ये भरतात. तुम्ही एका कामाची दोन कामं केलीत.”

मला वाईट वाटलं, पण मी ते मशीन उचलून नेणार नव्हते. त्यानंतर प्रत्येक साप्ताहिक सुट्टीला मी डबा घेऊन आयसीयूत जायला लागले. एका स्टुलावर बसायचं, कुणाच्या पायात यायचं नाही, आणि बघायचं. पलंगावरून मला जे ऐकू आलं होतं, ते आता दिसत होतं. सिस्टर किती वेळा टेबलाशी येते, तिचा हात कधी मोकळा असतो, कुठल्या क्षणी ती कागदाकडे पाहते आणि कुठल्या क्षणी पाहत नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की सगळं लिहून ठेवायची गरजच नाही. आकडे कागदावर चांगले होते. जे गळत होतं ते वेगळं होतं.

मी पहिला प्रोग्रॅम टाकून दिला. दुसऱ्यात प्रत्येक पेशंटचा एकच पडदा ठेवला. वर लाल पट्टीत, कुठल्या औषधाचा त्रास आहे. त्याखाली, शरीरात कुठली नळी कधीपासून आहे. मग आज बदललेली औषधं, आणि काय करायचं राहिलंय. लिहायचं जवळजवळ काहीच नाही, ओळ निवडायची आणि एक कळ दाबायची. सासूबाईंच्या पुठ्ठ्यावर ओळ धरून अक्षराकडे जायचो, ते मी त्यात सरळ उचललं होतं. शिफ्ट बदलायच्या आधी प्रिंटर प्रत्येक पेशंटचं एक पान छापायचा आणि त्या पानावरून ओव्हर द्यायची. म्हणजे ओव्हरसाठी सिस्टरना जे वेगळं टिपून ठेवावं लागायचं, ते बंद झालं. काम कमी झालं. इन्चार्ज सिस्टरनी ते पान हातात घेऊन वरून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, “आता मुलींना मी सांगेन.”

पेशंट दाखल करताना एक प्रश्न मी असा ठेवला की त्याचं उत्तर दिल्याशिवाय पडदा पुढे जायचाच नाही : याआधी कुठल्या औषधाचा त्रास झाला आहे का? ‘माहीत नाही’ हे उत्तर चालायचं, पण मग पट्टी पिवळी राहायची आणि पुढच्या शिफ्टला तोच प्रश्न पुन्हा यायचा. डॉक्टरांनी माझ्यासोबत बसून औषधांची कुळं लावून दिली, कोण कुणाच्या जातीचं, कुणाचं कुणाशी जमत नाही. नवं औषध कपाटातून काढायच्या आधी सिस्टरने ते पडद्यावर निवडायचं. जमत नसेल तर पडदा अडायचा आणि डॉक्टरांना फोन करून ‘विचारलं’ ही कळ दाबल्याशिवाय सुटायचा नाही.

इथे भांडण झालं. दवाखान्यात एक ज्येष्ठ सर्जन होते, हाताला यश असलेले, सगळ्यांना दरारा असलेले. त्यांच्या एका औषधावर पडदा अडला आणि सिस्टरने त्यांना ऑपरेशन थिएटरमधून फोनवर बोलावलं. ते तावातावाने आयसीयूत आले. त्या दिवशी मी स्टुलावर होतेच.

“माझे केस या कामात पांढरे झाले,” ते डॉक्टरांना म्हणाले. “आता हे खोकं मला विचारणार?”

डॉक्टर म्हणाले, “मलाही विचारतं, सर. कालच विचारलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ही कोण, अशा नजरेने. मी उठून उभी राहिले. पायांच्या पट्ट्या साडीखालून दिसत होत्या. मी सांगितलं की मी याच आयसीयूत, त्या खिडकीकडच्या पलंगावर होते, आणि एका इंजेक्शनचं नाव मी ऐकलं होतं पण मला तोंड नव्हतं. जेवढं घडलं तेवढंच सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी पडद्यावर काय आहे ते चष्मा लावून वाचलं आणि सांगितलं की हे औषध इथे मुद्दाम दिलंय, धोका माहीत असून. कारणही सांगितलं, आणि ते बरोबर होतं. डॉक्टरांनी ते कारण नोंदवायला लावलं आणि पडदा सुटला. सर्जन जाताना म्हणाले, “एवढ्यातेवढ्यासाठी अडवू नका. नाहीतर पडद्यावरचं कुणी वाचणारच नाही.”

त्यांचं हे म्हणणं खरं निघालं. पुढच्या सुट्टीला मी पाहिलं, एक सिस्टर पडद्यावरचा इशारा न वाचताच, फोनही न करता, ‘विचारलं’ची कळ दाबून पुढे गेली. आम्ही इतके इशारे ठेवले होते की दर दोन औषधांमागे एक यायचा. मी डॉक्टरांना म्हटलं, यातले बहुतेक काढून टाकूया. ते तयार नव्हते. त्यांना वाटत होतं, काढलेला इशाराच एखाद्या दिवशी नडेल. आम्ही दोघं कितीतरी दिवस यावर वाद घालत होतो, चहा गार व्हायचा. शेवटी ठरलं, की जीव जाईल अशा मोजक्याच गोष्टींवर पडदा अडेल, आणि बाकीचं सकाळच्या राउंडच्या कागदावर बारीक अक्षरात येईल. सर्जनना त्या बैठकीला बोलावलं होतं. ते आले, आणि अडवायच्या यादीत त्यांनी स्वतः एक औषध घालायला लावलं.

तो प्रोग्रॅम कित्येक वर्षं चालला. विजेची भारनियमनाची वर्षं आली, तेव्हा कॉम्प्युटरला जोडलेली बॅटरी लवकर संपायची, पण ओव्हरचं पान आधीच छापलेलं असायचं, त्यामुळे काम अडायचं नाही. नळ्यांच्या तारखा रोज समोर यायला लागल्या तसं राउंडला डॉक्टर आपणहून विचारायला लागले, की ही अजून लागते का? नको असलेली नळी लवकर निघायला लागली. त्यातून ताप येणारे पेशंट कमी दिसतात, असं सिस्टर म्हणायच्या. डॉक्टर म्हणायचे, नुसतं म्हणू नका, मोजा. मग ते मोजायचा एक भाग मी त्यात जोडून दिला, आणि महिन्याच्या शेवटी डॉक्टर तो सगळ्यांसमोर वाचायचे. महिना वाईट गेला असेल तरी वाचायचे.

एक पेशंट मला आठवतो. सुरगाण्याकडचा, भाताच्या खाचरात साप चावलेला. आल्या आल्या व्हेंटिलेटरवर घेतलेला, सोबत फक्त जीपवाला. प्रश्नाला उत्तर ‘माहीत नाही’, पट्टी पिवळी. पुढच्या शिफ्टला पुन्हा पिवळी. मग त्याची बायको एसटीने पोहोचली, आणि तिने पिशवी खाली ठेवायच्या आधीच सिस्टरने तिला विचारलं. ती म्हणाली, “मागं ताप आला तवा सुई दिली व्हती. आंगभर गांधी उठल्या, त्वांड सुजलं.” कुठली सुई, ते तिला माहीत नव्हतं. इन्चार्ज सिस्टरनी त्या गावाकडच्या डॉक्टरांचा नंबर शोधून फोन लावला. पेनिसिलिन. पट्टी लाल झाली. नंतर त्याच्या पायाची जखम चिघळली, आणि सर्जननी जे औषध लिहिलं ते ‘सिलिन’चंच होतं. पडदा अडला. सिस्टरने फोन केला. सर्जननी दुसरं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. बस, एवढंच. मी त्या दिवशी तिथे नव्हते, मला हे सिस्टरनी नंतर सांगितलं, तेही दुसऱ्या कशाबद्दल बोलताना. तो माणूस काठी टेकत घरी गेला.

मग दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टने सगळ्या दवाखान्यासाठी एका कंपनीचं मोठं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. तोवर माझा प्रोग्रॅम जुना झाला होता, त्याला माऊससुद्धा कळत नव्हता. मला वाईट वाटेल म्हणून डॉक्टर ते सांगायला घरी आले. मी म्हटलं, बरंच झालं, फक्त मला एकदा त्यांच्या लोकांशी बसू द्या.

कंपनीची मुलं हुशार होती. त्यांच्या पडद्यावर रंगीत आलेख होते, रक्ताचे रिपोर्ट प्रयोगशाळेतून आपोआप यायचे, मॉनिटरचे आकडे कुणी न लिहिता पडद्यावर उतरायचे. मी जे कधीच करू शकले नसते ते त्यांनी केलं होतं. पण औषधाच्या त्रासाची नोंद तिसऱ्या पानावर होती आणि ती रिकामी ठेवली तरी पुढे जाता यायचं. ओव्हरचं पान नव्हतंच. मी विचारलं तर त्यांच्यातला मोठा म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघू.

इन्चार्ज सिस्टर त्याच टेबलाशी होत्या. निवृत्ती जवळ आलेली, केस सगळे पांढरे. त्या म्हणाल्या, “मग आम्हीही पुढच्या आवृत्तीला सुरू करू.”

तो हसला. त्याला वाटलं, गंमत करतायत. डॉक्टर म्हणाले, “आयसीयूपुरतं असंच आहे. ते येईपर्यंत जुनं चालू राहील.” ट्रस्टच्या ऑफिसातून फोन आले, पैसे दिलेत, तारीख ठरली आहे. डॉक्टरांनी प्रत्येक फोनला तेच उत्तर दिलं. मी कारखान्यातून रजा घेतली आणि त्या मुलांना आयसीयूतल्या स्टुलावर बसवलं. नुसतं बघा म्हटलं. एक शिफ्ट बदलताना बघा, मग बोलू. पहिल्या दिवशी त्यांना कंटाळा आला. नंतर त्यांच्यातली एक मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, “मॅडम, ती सिस्टर एका हाताने नळी धरून दुसऱ्या हाताने कळ दाबते. आमच्या पडद्यावर तिला पाच ठिकाणी जावं लागेल.” मी म्हटलं, हो ना. मग तिनेच तो पडदा पुन्हा मांडला.

जुनं मशीन बंद केलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. लाल पट्टी नव्या पडद्यावर सगळ्यांत वर होती, उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि ओव्हरचं पान नव्या प्रिंटरमधून आवाज न करता बाहेर येत होतं. पहिला पेशंट नव्या पद्धतीने दाखल झाला, ती येवल्याकडची एक म्हातारी होती, दम लागलेली. तिचा मुलगा दाराशी उभा होता. नव्या सिस्टरने त्याला बोलावून विचारलं, आईला कुठलं औषध चालत नाही का? तो विचारात पडला, म्हणाला घरी विचारून सांगतो. पट्टी पिवळी झाली. मी थोडा वेळ थांबले, आणि घरी जायची बस गाठायची होती म्हणून निघाले.